पवित्र आत्म्याची स्वागत समिती

नाव ऐकलं आणि निवडत होते ती मेथी तशीच ठेवून मी भाच्याला म्हटलं, पुन्हा सांग. ‘द होली घोस्ट रिसेप्शन कमिटी नंबर नाइन.’ मनातल्या मनात मराठी करून पाहिलं. पवित्र आत्म्याची स्वागत समिती, क्रमांक नऊ.

भाच्याला जुन्या एलपींचा नाद आहे. कुठकुठल्या देशांतल्या, कोणी न ऐकलेल्या तबकड्या तो शोधत असतो. तो म्हणाला, “मावशी, हे तुमच्या चर्चमधलं आहे, पण तुम्ही गाता तसलं नाही. सायकेडेलिक फोक-रॉक म्हणतात याला. भयंकर रेअर आहे.” आणि त्याने फोन पाण्याच्या पिंपावर ठेवून गाणं लावलं.

मला सायकेडेलिक शब्द ऐकून फार काही झालं नाही, पण स्वागत समिती हा शब्द मात्र डोक्यात घर करून बसला. आपल्याकडे स्वागत समिती म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न असो, साहित्यसंमेलन असो नाहीतर गावात बिशप यायचे असोत. चार दिवस आधीपासून ही माणसं राबतात, मांडव घालतात, खुर्च्या मोजतात, पाण्याची सोय बघतात, आणि पाहुणा आला की बाजूला होतात. फोटोत त्यांचा अर्धा खांदा येतो. गाणाऱ्यांनी स्वतःला हे नाव द्यावं, आणि ज्याचं स्वागत करायचं तो पाहुणा पवित्र आत्मा असावा, हे मला फार आवडलं. मी आयुष्याची चाळीस वर्षं आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गाते आहे. आम्ही काय करतो असं कुणी विचारलं असतं, तर इतकं नेमकं उत्तर मला सुचलं नसतं.

ही समिती म्हणजे शाळेतली पोरं होती. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, पूर्वेकडच्या ८४व्या रस्त्यावर रीजिस हायस्कूल नावाची जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांची मुलांची शाळा आहे. १९१४ साली सुरू झाली. न्यूयॉर्कच्या एका माजी महापौरांच्या विधवा पत्नीने, ज्युलिया ग्रँट यांनी, आपलं नाव कुठेही येऊ न देता या शाळेसाठी पैसा दिला. कॅथलिक घरातल्या हुशार मुलांना एक पैसाही फी न घेता शिकवायचं, ही अट. ती अट आजही पाळली जाते. तिथल्या या पोरांनी दोन एलपी केल्या. १९६८ साली ‘साँग्ज फॉर लिटर्जिकल वर्शिप’ आणि १९६९ साली ‘द टॉर्चबेअरर्स’. त्या काढल्या पॉलिस्ट प्रेसने. पॉलिस्ट फादरांची ही संस्था १८६५ पासून धार्मिक पुस्तकं छापणारी. कुठल्या बड्या रेकॉर्ड कंपनीचा तिच्याशी संबंध नाही.

पहिल्या एलपीचं नाव पाहा. ‘उपासनेसाठी गीते.’ दुकानातल्या डब्यावर ‘हळद’ लिहावं तसं साधं नाव. आत काय आहे आणि कशाला वापरायचं, एवढंच त्यात सांगितलंय. हिच्यासाठी लोक आज जगभर धडपडतात, जपून काढतात, प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत ठेवतात.

मी ती त्या दिवशी पूर्ण ऐकली, आणि नंतर रात्री एकटीने पुन्हा ऐकली. पहिल्यांदा लक्षात आले ते आवाज. कमावलेले नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे आवाज असतात तसे, नुकते फुटून स्थिर झालेले, वरच्या पट्टीत जायला थोडे बिचकणारे. दोघं-तिघं मिळून सुरात सूर घालतात तेव्हा एखादा कणभर खाली राहतो. गिटार कधी स्वच्छ, तारा मोजून घ्याव्यात अशी. कधी फझ, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं यंत्र, लावलेली, गिरणीत पट्टा घासल्यासारखा आवाज करणारी. ऑर्गन आहे, ड्रम आहेत. भाच्याने ज्याला सायकेडेलिक म्हटलं ते बहुधा त्या फझमुळे आणि त्या काळातल्या सगळ्याच गाण्यांवर असते तशा धुक्यामुळे. पण पोरं धुक्यात नाहीत. पोरं अगदी सरळ उभी राहून, शब्द नीट उच्चारत, प्रार्थना म्हणताहेत.

आमच्या क्वायरमध्येही दरवर्षी अशी दोन-तीन पोरं येतात. दहावी झालेली, मिसरूड फुटलेली. पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. आवाजात ती अडचण ऐकू येते. त्या एलपीवर मला ती ऐकू आली, आणि तिथून पुढे मी भाच्याचे रेअर-बिअर शब्द ऐकेनाशी झाले.

नऊ हा आकडाही मला सोडेना. नऊ म्हटलं की आम्हा कॅथलिकांना पहिल्यांदा नोव्हेना आठवते, नऊ दिवस किंवा नऊ वेळा करायची प्रार्थना. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालते ती नोव्हेना सगळ्या मुंबईला माहीत आहे. तिथे मेणबत्ती घेऊन येणाऱ्यांत निम्मे लोक ख्रिस्ती नसतात. पण नोव्हेनेचं मूळ वेगळं आहे. येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य आणि त्याची आई एका माडीवरच्या खोलीत एकत्र राहून प्रार्थना करत राहिले. नऊ दिवस. मग पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. ती पहिली नोव्हेना. आणि पेन्टेकॉस्टच्या त्या गोष्टीत पुढे काय होतं? शिष्य बाहेर येऊन बोलू लागतात, आणि यरुशलेमेत देशोदेशीहून आलेली माणसं थक्क होऊन म्हणतात की हे तर आमच्याच भाषेत बोलताहेत. प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू येतं. पवित्र आत्म्याच्या स्वागत समितीने इलेक्ट्रिक गिटार हातात घ्यावी, यात मला तरी विचित्र काही वाटत नाही. १९६८ साली न्यूयॉर्कच्या पोरांची जन्मभाषा तीच होती.

त्या पोरांचं लहानपण आठवून पाहा. १९६५ च्या अखेरीस अमेरिकेत सगळ्यांत वर असलेलं गाणं होतं बर्ड्‌स या बँडचं ‘टर्न! टर्न! टर्न!’. पीट सीगर यांनी त्याला चाल लावली होती, आणि शब्द जवळजवळ सगळे बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकातले. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, रडायची वेळ, नाचायची वेळ. बारा तारांच्या गिटारवर ते शास्त्रवचन रेडिओतून घराघरात गेलं. ज्या मुलाने ते तेरा-चौदाव्या वर्षी ऐकलं, त्याला सोळाव्या वर्षी गिटार आणि प्रार्थना वेगवेगळ्या कपाटांत ठेवायला सांगणार कोण?

आणि ते १९६८ चं वर्ष. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना मारलं. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांना, आणि त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली ती याच शहरात, सेंट पॅट्रिक कथीड्रलमध्ये. त्या दोन्हींच्या मध्ये, १७ मे रोजी, मेरीलँडमधल्या केटन्सव्हिल गावात नऊ कॅथलिक माणसं सैन्यभरतीच्या कचेरीत शिरली, कागदपत्रं तारेच्या टोपल्यांत भरून बाहेर आणली, घरी बनवलेलं नापाम हे चिकट, भडकणारं इंधन ओतून पेटवली, आणि पोलीस येईपर्यंत प्रार्थना करत तिथेच उभी राहिली. त्यांतले एक, डॅनियल बेरिगन, जेझुइट फादर होते. रीजिसच्या पोरांना शिकवणाऱ्यांच्याच संघातले. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक मुलाला सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं लागे. शाळेतल्या गायनमंडळात उभं राहून शांतीचं मागणं मागताना त्या पोरांच्या पोटात काय होत असेल, याचा विचार मी करते. माझा मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला मी मतदारयादीत नाव घालायला नेलं होतं.

गिटार वेदीजवळ आली कशी, हे सांगायला हवं, कारण आजकाल चर्चमधल्या तरुण मुलांनाही ते ठाऊक नसतं. पोप तेविसावे जॉन यांनी व्हॅटिकनची दुसरी महासभा बोलावली. तिचा पहिला मोठा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झाला, आणि तो उपासनेबद्दलच होता. लॅटिन काढून टाकलं नाही, पण लोकांच्या भाषेला दार उघडलं. पाइप ऑर्गनचा मान राखला, पण उपासनेला साजेशी इतर वाद्यंही चालतील, स्थानिक बिशपांनी ठरवावं, असं म्हटलं. एवढ्या एका वाक्याच्या फटीतून पुढच्या चार-पाच वर्षांत अख्खी वरात आत आली. रोममध्येच २७ एप्रिल १९६६ ला मार्चेल्लो जोम्बिनी यांनी लिहिलेली तरुणांची मिस्सा तीन बीट बँडांनी वाजवली. त्याच वर्षी अमेरिकेत रे रेप यांचा ‘मास फॉर यंग अमेरिकन्स’ आला आणि गिटारवरची मिस्सा गावोगाव पोचली. वरच्यांना काळजी वाटू लागली. ५ मार्च १९६७ ला रोमहून नवा आदेश निघाला. जी वाद्यं लोकांच्या मनात फक्त ऐहिक संगीताचीच म्हणून बसलेली आहेत, ती उपासनेतून पूर्णपणे वगळावीत.

१९६७ मध्ये हा आदेश, आणि १९६८ मध्ये जेझुइट शाळेतली पोरं फझ लावून ‘उपासनेसाठी गीते’ गातात, नि पॉलिस्ट फादर ती छापतात. यात बंडखोरी होती असं मला वाटत नाही. कोणती वाद्यं ऐहिक, हे ‘लोकांच्या मनात’ काय बसलंय यावर ठरणार, असं आदेशच सांगत होता. आणि लोक म्हटले की त्यांत पोरंही आलीच.

आमच्याकडे हे कसं घडलं ते मी आजीकडून ऐकलंय. आमचं घर वसईचं, केळीच्या बागेतलं. आजी लाल लुगडं नेसायची. तिच्या तरुणपणी फादर वेदीकडे तोंड करून, लोकांना पाठमोरे, लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत आणि बायका आपली माळ जपत बसत. घंटी वाजली की मान खाली. मग एक दिवस फादरांनी तोंड फिरवलं आणि मराठीत बोलू लागले. मी विचारलं होतं, “तुला आनंद झाला असेल ना, आजी? समजायला लागलं.” ती म्हणाली, “समजायचं तेव्हाही. शब्दच तेवढे समजत नसत.”

तिला लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती. एक अक्षर लिहिता-वाचता न येणारी ती बाई. शेवटच्या वर्षांत मी तिच्या शेजारी बसत असे, तेव्हा सगळं चर्च मराठीत उत्तर देत असताना ती ओठांतल्या ओठांत ‘एत कुम स्पिरितु तुओ’ म्हणायची. तिचं लॅटिन चुकीचं असेलही, मला कळायचं नाही. पण ती ते सोडून द्यायला तयार नव्हती. तिच्या दृष्टीने ती देवाशी बोलायची भाषा होती आणि मधेच कुणी ती बदलायला सांगितली तर तिने काय म्हणून बदलावी? मराठी मिस्सेवर माझा जीव आहे, तीच माझी मिस्सा. तरी आजीच्या त्या पुटपुटण्यात काहीतरी मोठं होतं आणि आम्ही ते हरवलं, हेही मला मान्य करावं लागतं.

म्हणूनच त्याच वर्षाची दुसरी एक एलपी भाच्याने ऐकवली तेव्हा मी गप्पच झाले. जानेवारी १९६८ मध्ये निघालेली, इलेक्ट्रिक प्रून्स या कॅलिफोर्नियातल्या रॉक बँडच्या नावावरची ‘मास इन एफ मायनर’. संगीत डेव्हिड ॲक्सेलरॉड यांचं. मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, आणि गायचं काय, तर जुनी मिस्सा. किरिये एलेइसॉन, म्हणजे ‘प्रभो, दया कर’, हे ग्रीकमध्ये, बाकी लॅटिनमध्ये, खाली गुरगुरणारी गिटार. जेमतेम सव्वीस मिनिटांची तबकडी. ते लिहिलेलं संगीत बँडच्या पोरांना झेपेना. शेवटी बाहेरून वाजवणारे आणून काम पुरं करावं लागलं. त्यातली किरिये पुढे ‘ईझी रायडर’ या सिनेमात आली म्हणून लोकांना ठाऊक आहे. चर्चने लॅटिन दाराबाहेर ठेवलं आणि त्याच वेळी रॉकवाल्यांना त्या भाषेचा मोह पडला. ती ऐकताना मला खरंच आजी आठवली. भव्य आहे ती. चांगली आहे. पण ती ऐकायची गोष्ट आहे. तिच्यासमोर बसून राहावं लागतं. रीजिसच्या पोरांचं गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा आपण आपोआप म्हणू लागतो. चाली तशाच केल्यात, शेजारच्या बाकावरच्या माणसाला उचलता याव्यात म्हणून. क्वायरमध्ये राहिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. आमचे मास्तर चाल बांधून झाली की चर्च झाडायला येणाऱ्या बाईंना ऐकवायचे. त्या दुसऱ्या कडव्याला गुणगुणल्या तर चाल ठेवायची.

अमेरिकेत मिस्सा इंग्रजीत सुरू झाली ती २९ नोव्हेंबर १९६४ च्या रविवारी. तेव्हा मुंबईत काय चाललं होतं? आदल्याच दिवशी आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, सुरू झाली होती. ओव्हल मैदान माणसांनी भरलेलं, आणि तीन-चार दिवसांत सहावे पोप पॉल येणार होते. भारतात आलेले ते पहिले पोप. वसईहून माणसं गाडी भरभरून गेली. आमचे आजोबाही गेले. त्या भेटीत पोप इतर धर्मांच्या लोकांशी बोलले तेव्हा त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली. असत्यातून सत्याकडे ने, अंधारातून उजेडाकडे ने.

मग आपल्याकडेही दार उघडत गेलं. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टींना परवानगी दिली. जमिनीवर बसून मिस्सा करणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, समई, आरती, अंगावर उपरणं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोरांची दुसरी तबकडी आली. तिकडे फझ, इकडे आरती. तिकडच्या म्हाताऱ्यांनी म्हटलं असेल की हे तर नाचगाण्याचं, इकडचे म्हातारे म्हणाले की हे तर देवळातलं. आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा तबला आणला तेव्हा दोन घरांनी मिस्सेला यायचं थांबवलं होतं, असं आई सांगायची. तो तबला अजून आहे. मी त्याच तबल्याबरोबर गायले.

तसं हे आपल्या भाषेत फार आधी घडून गेलेलं आहे, आणि तेही एका जेझुइटाच्याच हातून. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस गोव्यात आला, मराठी शिकला आणि रायतूरला १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लोक पुराण ऐकतात तर ख्रिस्ताचं पुराण ओवीत लिहावं, हा त्याचा विचार, आणि ओवी कोणत्या धर्माची हे त्याने विचारलं नाही. गोव्याच्या चर्चांत लोक ते गाऊन वाचत. नंतर पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये देशी भाषांवरच बंदी घातली. आमच्यासारख्यांची गाणी तेव्हा कुठे कशी तगली असतील, देव जाणे.

क्रिस्तपुराणाबद्दल एक गोष्ट कळली तेव्हापासून ती माझ्या मनातून जात नाही. ते तीनदा छापलं गेलं, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. एकही नाही. पुराण आपल्यापर्यंत आलं ते हस्तलिखितांमुळे. लोकांनी वाचून-वाचून प्रती झिजवल्या, झिजण्याआधी हाताने उतरवून घेतल्या, त्याही झिजवल्या, पुन्हा उतरवल्या. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं ते अशाच हातच्या प्रतींवरून, आणि देवनागरीत ते यायला १९५६ साल उजाडलं.

भाच्याचा ‘रेअर’ शब्द मला म्हणूनच टोचतो. त्याची चूक नाही. त्याच्या जगात दुर्मीळ म्हणजे मौल्यवान. पण उपासनेसाठी केलेली गोष्ट दुर्मीळ होते ती ती वापरली जाते म्हणून. पॉलिस्ट प्रेसची तबकडी कुणी घेतली असेल? एखाद्या पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, सिस्टरने, एखाद्या शाळेच्या क्वायर मास्तरने. चाल बसवायला. सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, पुन्हा मागे, हे कडवं पुन्हा. अशी शंभरदा सुई टेकलेली तबकडी पोरांच्या हातातून खाली पडते, चरे पडतात, आणि चाल सगळ्यांना पाठ झाली की तिची गरजच उरत नाही. त्या पोरांना हेच तर हवं होतं.

अमेरिकेत त्या वर्षांत गाणी कशी पसरली, याचा पुरावा एका कोर्टातल्या खटल्यात आहे. रे रेप यांची गाणी काढणारी एफ.ई.एल. पब्लिकेशन्स ही शिकागोत सुरू झालेली संस्था. तिने १९७६ मध्ये शिकागोच्या आर्चबिशपांवरच दावा लावला. का? तर पॅरिशेस परवानगी न घेता गाण्यांच्या प्रती काढून घरची गीतपुस्तकं बनवत होत्या. कायद्याने संस्थेचं म्हणणं बरोबर असेल. कवीला आणि छापणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत हे मी मानते. पण मला त्या सायक्लोस्टाइल केलेल्या पुस्तिका डोळ्यांपुढे दिसतात. जांभळट अक्षरं, कडेला टाचणी, कोपऱ्यात मेणाचा डाग. आमच्याकडेही तशाच होत्या. स्टेन्सिलवर मास्तर स्वतः लोखंडी लेखणीने लिहायचे, अनुस्वार खरवडताना कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. रोलर फिरवायचं काम आम्हा मुलींचं. शाई नखांत बसायची ती रविवारपर्यंत निघत नसे, आणि ख्रिस्तशरीर घेताना हात पुढे करायची लाज वाटे.

आमचीही एक रेअर वस्तू आहे. १९९१ साली आम्ही कॅसेट काढली. बारा गाणी, सगळी मास्तरांच्या चालीची. वर्गणी काढली, कुणी फुलांच्या टोपल्यांचे पैसे दिले, आणि मुंबईच्या एका स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्डिंग केलं. पहाटेच्या लोकलने हार्मोनियम बायकांच्या डब्यात घालून नेली होती. तीनशे कॅसेटी निघाल्या, नाताळच्या आत संपल्या. पुढच्या वर्षी आणखी काढू म्हणून मास्तर गेले तेव्हा स्टुडिओवाल्यांनी सांगितलं की ती मूळ टेप पुसून तिच्यावर दुसरं काही भरलंय. जागा नव्हती म्हणे. मास्तर परत आले, पायरीवर बसले आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. त्यांना मी तसं फक्त त्या एका दिवशी पाहिलं. आता ते नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी शोधायला लागले. गावात विचारलं. कुणाच्या कॅसेटवर नंतर सिनेमाची गाणी भरलेली, कुणाची पोरांनी ओढून टाकलेली. शेवटी एका घरी, वेदीच्या फोटोमागे, एक सापडली. कागद गळून गेलेला, टेपवर पांढरी बुरशी. भाच्यानेच ती वाचवली. पाच बारीक स्क्रू काढून त्याने झाकण उघडलं, चकत्या चिमट्याने उचलून दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवल्या, त्याआधी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून ओल घालवली. मग पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली, मऊ कापडाचा तुकडा टेपला लावून धरत. कापडावर पांढरी भुकटी येत होती. मी शेजारी बसून होते आणि मला हात लावायचं धैर्य होत नव्हतं.

वाजली. आवाज दबलेला, मधेच विहिरीतून आल्यासारखा. पण वाजली. प्रत्येक गाणं सुरू होण्याआधी हार्मोनियमचा भाता दाबल्याची फुस्स ऐकू येते. चौथ्या गाण्यात मास्तर हळूच ‘हां’ म्हणतात, आम्ही वेळेवर उचलावं म्हणून. आणि आमचे आवाज. कमावलेले नाहीत. वरच्या पट्टीत थोडे बिचकणारे. त्यांतला एक कणभर खाली राहिलेला आवाज माझा आहे, तो मी लगेच ओळखला.

भाचा लॅपटॉपवर हिरव्या रेषा वर-खाली होताना बघत होता. मधेच म्हणाला, “मावशी, हा सगळा आवाज धुक्यातून आल्यासारखा वाटतो ना? लोक याला काय म्हणतील माहितीये?” मी म्हटलं, म्हणू देत.

संपलं तेव्हा त्याने फाइल सेव्ह करायला घेतली. कॅसेटवर कागद नव्हता, नाव काय द्यायचं विचारलं. कॅसेटचं छापील नाव मला आठवत होतं, फुलापानांचं काहीतरी, ते मास्तरांना कधीच आवडलं नव्हतं. मी म्हटलं, लिही, ‘उपासनेसाठी गीते’.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं. मग विचारलं, “अजून किती जणांना पाठवू?”

“क्वायरच्या ग्रुपवर टाक,” मी म्हटलं. “गुरुवारी प्रॅक्टिस आहे. तिसरं गाणं बसवायचंय.”